पदरातली ओल

१

रेणुकाची सकाळ वर्षानुवर्षं तशीच होती. दारात सडा, उंबऱ्याला हळदीकुंकू, मग मधल्या खोलीत देव्हाऱ्यापुढं पाट टाकून देवांची आंघोळ. वार बदलला की फूल बदलायचं आणि उपास बदलायचा, एवढंच. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार अंबाबाईचा. संकष्टी सुटायची नाही आणि पौर्णिमेची नृसिंहवाडी चुकायची नाही. तिचा नवरा त्र्यंबक थट्टेनं म्हणायचा, आमच्या घरात जेवायला वारच शिल्लक नाही. पण तिच्या उपासांवर त्याचाही भरवसा होता. खुब्याच्या ऑपरेशनला आत नेताना त्यानं डॉक्टरांकडं नव्हे, तिच्या हातातल्या अंगाऱ्याच्या पुडीकडं पाहिलं होतं.

त्या खुब्यामुळंच घर विकायला काढलं होतं. मंगळवार पेठेतलं ते घर रस्त्यापासून उंच, चढायला उभ्या दगडी पायऱ्या. त्र्यंबक दोनदा पडता पडता वाचला. कळंब्याकडं लिफ्टचा लहानसा फ्लॅट बघून ठेवला होता, शब्द दिला होता. आता हे घर गेलं की ते घर हाती येणार होतं, आणि हे घर काही केल्या जात नव्हतं.

कारण मधल्या खोलीच्या छताला ओल होती.

ओल कुणाच्या घरात नसते? पण ही उन्हाळ्यातली ओल होती. पावसाळाभर, पंचगंगा पात्र सोडून बाहेर आली तेव्हासुद्धा, छत ठणठणीत कोरडं होतं. संक्रांत झाली, ऊन तापायला लागलं, आणि देव्हाऱ्यापुढच्या पाटाच्या बरोब्बर वर एक डाग उमटला. विड्याच्या पानाएवढा, पानाच्याच आकाराचा, देठ देव्हाऱ्याकडं केलेला. वर गच्चीवर नळ नाही, टाकी नाही, झाडाची कुंडीसुद्धा नाही. त्र्यंबकनं गच्ची झाडून पाहिली. कोब्याला चीर नव्हती. मग त्यानं खालून रंग मारला. पान रंगातून परत वर आलं.

दुपारी सगळं सामसूम असलं की त्या डागातून आवाज यायचा. म्हणजे तिला तसं वाटायचं. कुणीतरी हुंदका गिळावा तसा आवाज. आणि त्याच्यामागं, फार लांबून, रिक्षा चालल्याचा. रिक्षाचा आवाज रस्त्यावरून यावा. हा वरून यायचा. त्र्यंबक म्हणाला, पारवे घुमत असतील गं, आणि रिक्षा गल्लीतली, भिंतीवर आपटून वर जातो आवाज. तिनंही ते मान्य केलं. मान्य करण्यासारखंच होतं.

घर बघायला येणाऱ्यांना ती पुढची खोली दाखवायची, स्वैपाकघर दाखवायची, आणि मधल्या खोलीत आल्यावर दिवा लावायची नाही. हे करताना तिची मान आपोआप खाली जायची. आयुष्यभर पोथी वाचलेली बाई, आणि बटणापासून हात चोरते. पहिलं गिऱ्हाईक सयाजी म्हणून एक ठेकेदार होता. त्यानं स्वतःच दिवा लावला, वर पाहिलं आणि गडगडून हसला.

"आयला, उन्हाळ्यात गळतंय? गगनबावड्याचा पाऊस हितंच आणून ठेवलाय की तुम्ही."

तो गेला. त्यानंतर आलेलं गिऱ्हाईकही गेलं. गल्लीत बोभाटा झाला.

२

वरद आणि अदिती आले तेव्हा त्र्यंबकनं नुकताच रंग मारला होता. वरद एका कारखान्याच्या कचेरीत नोकरीला, अदिती शाळेत शिकवायची. तिला सातवा लागला होता. घर तिला फार आवडलं. देव्हाऱ्याच्या कोनाड्यावरून हात फिरवून ती म्हणाली, काकू, इथं सकाळी ऊन येत असणार. रेणुका हो म्हणाली आणि तिच्या पोटाकडं न बघता चहा टाकायला आत गेली.

पण गल्लीतल्या कुणीतरी वरदच्या कानावर घातलं. त्यानं नम्रपणानं निरोप पाठवला: आमचा एक ओळखीचा माणूस आहे, घर घेण्याआधी छत तपासून देतो. त्यानं होकार दिला की लगेच व्यवहार करू.

तो माणूस म्हणजे तोहिद शिकलगार. डिप्लोमा झालेला, मोठ्या आवाजाचा, दारातूनच 'काकू' म्हणत येणारा. आदल्या दिवशी येऊन त्यानं गच्चीच्या पन्हळींत बोळे कोंबले आणि घोट्याइतकं पाणी साठवून ठेवलं. रात्रभर मुरू दे, म्हणाला, सकाळी छत खरं बोलेल. तो गेल्यावर त्र्यंबक दुखऱ्या पायानं स्टुलावर चढला आणि त्यानं रंगाचा शेवटचा हात मारला. रेणुकानं स्टूल धरलं.

सकाळी पान परत आलं होतं. आधीपेक्षा काळं.

पाहुणा यायचा म्हणून तिनं जांभळी इरकल नेसली होती. स्वैपाकघरात चहाचं आधण चढलं होतं. गल्लीच्या तोंडाशी तोहिदच्या मोटारसायकलचा आवाज आला. ती डागाखाली जाऊन उभी राहिली.

तेव्हा पहिल्यांदा थेंब पडला. इतक्या दिवसांत नुसती ओल होती. थेंब म्हणून कधी पडला नव्हता. तो तिच्या कुंकवाच्या शेजारी कपाळावर पडला. तिनं बोटानं टिपला, बोटाकडं पाहिलं, आणि का कुणास ठाऊक, बोट जिभेला लावलं. कोमट होता. खारट. स्लॅबला लोणा लागतो तो असाच खारट असणार, हे तिच्या मनात आलंही. पण वर पाहिलं तेव्हा तिला वाटलं, वर कुणीतरी आहे. ते खाली बघतंय, आणि डोळे भरून बघतंय. भीती वाटली नाही. आईच आहे, असं वाटलं.

तिनं पदराची दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरली आणि छताखाली पसरली.

"आई, वर जे काय असेल ते माझ्या पदरात घाल. मी सांभाळीन. पण आज या घराची लाज राख."

तिनं आजवर पुष्कळ मागितलं होतं. पोराच्या परीक्षा, नवऱ्याचा खुबा, शेजारणीच्या लेकीला स्थळ. काही लपवून ठेव म्हणून मात्र कधी मागितलं नव्हतं. शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. ती देव्हाऱ्याकडं बघू शकली नाही.

कडी वाजली. तिनं पुन्हा वर पाहिलं. छत कोरं होतं.

३

तोहिद आधी गच्चीवर गेला. पाण्यातून फिरत, हातोडीनं ठिकठिकाणी ठोकत, कान देत. भरीव जागा ठणकते, पोकळ जागा बद्द वाजते, असं तो खाली उभ्या त्र्यंबकला वरूनच ओरडून समजावत होता. सगळ्या गल्लीला समजलं असेल. मग पन्हळी मोकळ्या केल्या, पाणी धो धो खाली आलं, आणि तो पायऱ्या उतरत म्हणाला, "काका, स्लॅब न्हाय ह्यो, लोखंड हाय की. घण घातला तर घण फुटंल."

मधल्या खोलीत त्यानं स्वतःच दिवा लावला. रेणुका दारात पदर आवळून उभी राहिली. त्यानं मान वर करून बघितलं, मग ओल मोजायचं एक यंत्र काठीला लावून छताला टेकवलं, चार ठिकाणी, आठ ठिकाणी.

"डाग कुठं हाय म्हणत होती लोकं? मला तर काय दिसंना. चुन्याच्या भट्टीगत कोरडं हाय."

त्र्यंबकनं रेणुकाकडं पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य होतं आणि आश्चर्याखाली सुटका. तिला वाटलं, आपण आता हसायला पाहिजे. ती हसली.

ती चहा घेऊन आली तेव्हा तोहिद दुसरं यंत्र काढून बसला होता. हा थर्मल कॅमेरा, तो कौतुकानं सांगत होता. ओल असली की तिथं गार असतं आणि गार असलं की इथं निळं दिसतं. कोरडं ते पिवळं, तांबडं. डोळ्यांना फसवता येतं, ह्याला न्हाय. त्यानं कॅमेरा छतावरून फिरवला आणि छोट्या पडद्यावर सगळं छत केशरी दिसलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सणाच्या दिवशीच्या ताटासारखं.

चहा घ्यायला तो वळला. कॅमेरा हातात तसाच होता. पडद्यावर रेणुका आली: पिवळी, तांबडी, कपबश्यांचे दोन पांढरे ठिपके. आणि तिच्या पोटाशी, निऱ्यांच्या वर, गडद निळं पान. देठ देव्हाऱ्याकडं.

तिलाही ते दिसलं. पडदा वर उचललेला होता, आणि ती अगदी जवळ उभी होती.

तोहिद म्हणाला, "काकू, फ्रिजमधलं काय धरलंय का पोटाशी?" तिनं मान हलवली. तिच्या हातात फक्त तबक होतं. त्यानं हसत कॅमेरा जवळ नेला, आणि मग त्याचं हसू थांबलं. तो पडद्यात वाकून बघत राहिला. आडात काही पडलं की काठावरून माणूस वाकतो, तसा. त्याच्या वाकलेल्या डोक्याच्या बाजूनं तिला एवढंच दिसलं की निळ्याच्या आत आणखी खोल निळं होतं, आणि त्या तळाशी काहीतरी हललं.

त्यानं कॅमेरा बंद केला. बॅटरी गेली, म्हणाला. चहा अर्धा टाकून सामान भरलं. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण दारात बूट घालताना तिच्याकडं न बघता हळूच बोलला.

"रिपोर्ट चांगला देतो. छत कोरडं हाय, त्यात खोटं न्हाय. पर काकू..." तो थांबला. "जाऊ दे. तब्येतीला जपा."

४

दुपारी ती लवंडायला गेली तेव्हा साडी ओली लागली.

पहिला विचार बाईमाणसाला जो येईल तोच तिला आला. वय झालं. तिनं घाईघाईनं साडी बदलली, धुऊन वाळत घातली, कुणाला दिसू नये म्हणून मागच्या दोरीवर. दुसरी नेसली. घटकाभरानं तीही ओली. हातभर नाही, पानाएवढीच. वास घेऊन बघायचीही तिला लाज वाटली. शेवटी न्हाणीघराचं दार लावून तिनं तो घेतला. वास लघवीचा नव्हता. ओल्या चुन्याचा होता.

त्र्यंबकनं पेढे आणले होते. वरदचा फोन आला होता, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त ठरला होता. तिनं देवापुढं पेढा ठेवला आणि उभ्या उभ्याच नमस्कार केला, कारण पाटावर बसलं की मांडीवर, देवांसमोर, पान उमटायचं.

शुक्रवारी ती अंबाबाईला गेली. नवस बोललेला, तो पोचलेला. जाऊन सांगायला हवं होतं. रांगेच्या वळणावर तिच्या मागच्या एका बाईला कडेनं अर्धवट ओल दिसली, तिनं आपल्या सुनेला कोपरानं ढोसलं. सून रेणुकाच्या साडीकडं बघून दुसरीकडं बघायला लागली. मग ती बाई चांगुलपणानं पुढं झाली आणि कानात म्हणाली, "ताई, मागनं पदर घ्या जरा." रेणुकानं पदर मागं ओढून घेतला. पण ओल मागं नव्हती, पुढं होती. पदर मागं गेला तशी ती सगळ्यांना दिसली. ती देवळाच्या चौकटीपर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. ओल्या अंगानं गाभाऱ्यापुढं कसं उभं राहायचं? चुकून झालेली ओल असती तरी राहिली असती. ही मागून घेतलेली होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. सगळं ठीक निघालं. घाम असेल, म्हणाल्या, काही बायकांना या वयात येतो. रेणुकाला ते फार बरं वाटलं. रस्ताभर ती स्वतःला घाम, घाम असं सांगत आली. घरी आल्यावर खुर्चीत बसली तेव्हा पान होतं, देठ देव्हाऱ्याकडं. ती उठली आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसली. थोड्या वेळानं खाली पाहिलं. देठ फिरला होता. आता तो तिच्या डाव्या कुशीकडं होता, कारण देव्हारा आता डाव्या कुशीला होता.

त्यानंतर तिनं पाहणं सोडलं. कमरेला टॉवेल गुंडाळून वर साडी नेसायची. भिंतीपलीकडं राहणारी रशिदा शिवणकाम करायची. तिनं एकदा दोरीवर एवढे टॉवेल बघितले आणि काही न विचारता जुन्या सुती कापडाच्या घड्या आणून दिल्या. वर म्हणाली, "मला काय सांगू नका रेणुकाताई. बायकांची अंगं असतात." एवढ्या मायेनं म्हणाली की रेणुकाला रडू फुटलं, आणि रशिदाला वाटलं, आपण बरोबर ओळखलं.

ओझं मात्र तिनं रशिदालाही सांगितलं नाही. ओलीला वजन होतं. थोडंसंच, पण होतं. बसलं की मांडीत काहीतरी ठेवल्यासारखं. आणि छत आता गप्प होतं. दुपारच्या सामसुमीत आवाज यायचा तो तिच्या ओच्यातून.

५

अक्षय्य तृतीयेला दुपारी किल्ली द्यायची होती. सामान आदल्या दिवशीच कळंब्याला गेलं होतं. देवही टोपलीत बसून गेले होते. कोनाडा रिकामा होता. खोल्यांमधून चालताना पावलं परकी वाजत होती.

वरद आणि अदिती आले. अदिती पिवळी साडी नेसून, गजरा माळून आली होती. रेणुकानं तिला पेढा दिला, किल्ली वरदच्या हातात दिली. आता निघायचं. रिक्षा खाली उभी होती. तिला एवढंच हवं होतं, की कुणालाही न शिवता इथून निघावं.

तेवढ्यात अदितीनं पिशवीतून खण, नारळ आणि तांदळाची पुडी काढली.

"काकू, मला सासू नाही, आणि आईला प्रवास झेपत नाही. या घरात पहिली ओटी तुमच्या हातची भरावी, असं मनात होतं."

सातव्या महिन्यातली पोर ओटी मागते आणि सवाष्ण बाई नाही म्हणते, असं रेणुकानं कधी पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला कारण लागतं. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्र्यंबक दारातून म्हणाला, अगं, भर की, रिक्षा थांबेल. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात एक आशाही होती. नवस माझा आहे, पदर माझा आहे, या पोरीचा काय संबंध. देव एवढं समजत नाही का? मागं राहिलेला पाट तिनं मांडला. जागा तिनं निवडली नाही, पण पाटाची जागा वर्षानुवर्षं एकच होती.

हळदकुंकू लावलं. अदितीनं पदर पुढं धरला. रेणुकानं खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीत तांदूळ घेऊन वाकली आणि ओतले.

आणि तिचं अंग हलकं झालं.

इतक्या दिवसांनी मांडीवरचं ओझं उतरलं. पंख्याचा वारा साडीला लागला आणि साडी कोरडी होती. तिनं हात फिरवून पाहिला. कोरडी. तिला एकदम अंबाबाईचा गाभारा आठवला, आता उद्याच जाता येईल असं वाटलं, टॉवेल टाकून देता येतील, पाटावर बसता येईल. इतका आनंद झाला की डोळे मिटले.

"गार लागतंय काहीतरी," अदिती म्हणाली.

रेणुकानं डोळे उघडले. पिवळ्या पदरात तांदळाखाली ओल पसरत होती. पानासारखी. देठ रिकाम्या कोनाड्याकडं. अदितीचा एक हात आपोआप पोटावर गेला होता.

त्र्यंबक म्हणाला, "नारळ तडकला असेल." वरद हसला. नारळवाल्यानं फसवलं, म्हणाला. अदितीही हसली. सगळ्यांना पटलं होतं. रेणुकानं फक्त होय म्हणायचं होतं. किंवा तेही नाही, नुसतं गप्प राहायचं होतं. ती गप्प राहिली. किती वेळ, ते तिचं तिलाच ठाऊक, आणि तेवढ्या वेळात तिनं पुढचं सगळं पाहिलं: कळंब्याचा फ्लॅट, कोरडी साडी, आणि इथं या खोलीत ही पोर, टॉवेल गुंडाळून, कुणाला सांगू न शकणारी.

ती गुडघ्यांवर बसली. आपला पदर अदितीच्या पदराखाली पसरला.

"ते मला परत दे."

कुणाला कळलंच नाही. अदिती म्हणाली, "काय काकू?"

"ओटी. परत दे मला. सगळी."

"काकू, असं काय करताय?" वरदचा आवाज चढला. "भरलेली ओटी कुणी परत मागतं का? तिचे दिवस बघा."

ते तिलाही कळत होतं. गरोदर बाईच्या पदरातून ओटी काढून घेणं याच्याइतकं अभद्र तिच्या सगळ्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं त्या बाईच्या हातचं पाणी घेतलं नसतं. तरी तिनं अदितीच्या पदराची टोकं धरून तिच्या हातांतून सोडवली आणि नारळ, खण, तांदूळ आपल्या पदरात ओढले. दाणा दाणा वेचला. चार दाणे पाटावर पडले होते, तेही. अदिती रडायला लागली होती. हळू, लहान मुलासारखी. काकू, माझं काय चुकलं, असं विचारत होती. रेणुकानं तिच्या पदरावरून तळहात फिरवला. कोरडा होता. पोटावरही फिरवला असता, पण वरदनं तिचा हात बाजूला केला.

"पुरे. जा तुम्ही आता."

त्र्यंबकनं तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडं तसं कधी पाहिलं नव्हतं. मग तो भिंतीला धरून वरदची माफी मागायला लागला. तिला बरं नाही हल्ली, म्हणाला.

ओझं परत आलं होतं. पहिल्यापेक्षा जड.

६

रिक्षा मंगळवार पेठेतून बाहेर पडली. त्र्यंबक दुसऱ्या कडेला तोंड करून बसला होता.

रेणुका पदराची टोकं मुठीत धरून बसली होती. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या होत्या. रडण्याचा आवाज बाहेर गेला असणार. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळेल. त्र्यंबककाकांच्या बायकोनं पोटुशा पोरीची ओटी काढून घेतली. तेही असू दे, तिनं मनात म्हटलं. त्या पोरीचा पदर कोरडा आहे ना. तेवढं झालं. आपलं आपल्यापाशी आलं.

मग तिला वाटलं, खरंच नारळ तडकला असेल तर? सगळं उगीच असेल तर? ती आशा इतकी वेडी होती की तिनं पदर थोडा उघडला. नारळ हातात घेऊन फिरवला. अख्खा होता. शेंडीसकट कोरडा. तिनं बोटांनी तांदूळ बाजूला सारले.

पान तिथंच होतं. रिक्षा वळली तसा देठ वळला आणि मागं, घराच्या दिशेला, स्थिर झाला.

या वेळी तिनं नजर काढून घेतली नाही. ओल काळी होत गेली, मग निळी, मग खोल. आडात वाकल्यावर आधी नुसता अंधार दिसतो आणि नंतर तळ दिसायला लागतो, तसं झालं. खाली फरशी होती. तिच्या रोजच्या पुसण्यातली फरशी. पाट होता. कोनाड्यात देव होते, ताजी फुलं वाहिलेले. कुठंतरी चहाचं आधण वाजत होतं.

पाटाजवळ एक बाई उभी होती. वरून तिचा भांग दिसत होता, आणि जांभळ्या इरकलीचे काठ. बाई मान वर करून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर एवढी काळजी होती, एवढी शरम, की रेणुकाला तिची कीव आली. आपण अशा दिसतो, हे तिला माहीत नव्हतं.

नको, तिला म्हणायचं होतं. दिवा लाव, आणि त्याला दाखव, होऊ दे काय व्हायचं ते. तिनं ओठ उघडले, पण हुंदका वर आला. शेजारी त्र्यंबक बसला होता, पुढं रिक्षावाला आरशातून बघत होता. तिनं हुंदका गिळला. डोळे मात्र भरून आले होते, आणि ते तिला आवरले नाहीत.

एक थेंब खाली गेला.

तळाशी त्या बाईनं कपाळाला बोट लावलं. बोटाकडं पाहिलं. बोट जिभेला लावलं. मग तिनं सरळ वर पाहिलं, रेणुकाच्या डोळ्यांत, आणि तिचा चेहरा हळूहळू निवळला, आई भेटल्यासारखा.

आणि तिनं पदराची दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरली.